कारेर, करिअर आणि कार



फोंडा शहरात शिकवणी वर्गांच्या पाट्या वाचत चाललात, तर 'करिअर' हा शब्द चुकवू म्हटले तरी चुकत नाही. आता घरातल्या एखाद्या आजोबांना 'कारेर' म्हणजे काय ते विचारा. ते पोर्तुगीज अमदानीतल्या प्रवासी गाडीविषयी सांगू लागतील. नातवाचे करिअर आणि आजोबांची कारेर हे मुळात एकाच शब्दाचे दोन उच्चार आहेत.

पोर्तुगीज भाषेत 'कार्रेइरा' म्हणजे धाव, ठरलेल्या मार्गावरची फेरी, आणि आयुष्यातला व्यवसायही. ठरलेल्या फेऱ्या मारते म्हणून गोव्यात गाडीलाच ते नाव पडले. फ्रेंचांनी हाच शब्द घोड्यांच्या दौडीसाठी वापरला, त्यांच्याकडून तो इंग्रजीत गेला, आणि दौडीची आयुष्याची वाटचाल झाली ती बरीच उशिरा. सगळ्यांच्या मुळाशी लॅटिन 'कार्रारिया', म्हणजे गाडीवाट, आणि तिच्या मुळाशी 'कार्रुस', म्हणजे ओझ्याची गाडी.

गंमत अशी की हा 'कार्रुस' रोमन लोकांचा स्वतःचा नव्हे. तो गॉल लोकांचा 'कार्रोस'. आजच्या फ्रान्समध्ये राहणारे हे लोक केल्टिक भाषा बोलत. रस्ते बांधावेत तर रोमनांनी. पण गाड्यांची नावे त्यांनी गॉलांकडून उचलली. इसवी सनापूर्वी पहिल्या शतकात ज्युलियस सीझरने गॉल जिंकले, पुढे गॉलांची भाषाही मेली, पण गाडी लॅटिनमध्ये शिरली ती कायमची. इंग्रजीतली 'कार' याच वाटेने, फ्रेंचांच्या हातून आली. गाडीत माल भरणे यासाठी जे क्रियापद झाले, त्यातून 'कार्गो' निघाला आणि 'चार्ज'ही. मोबाईल चार्जिंगला लावताना आपण शब्दशः गाडी भरत असतो! सुताराच्या दुकानावरचा 'कार्पेंटर'सुद्धा दुसऱ्या एका केल्टिक रथाच्या नावावरून आलेला आहे.

केल्टिक कुळातल्या आयरिश, वेल्श, ब्रेटन या भाषा आजही बोलल्या जातात. वेल्शमध्ये 'कार' म्हणजे कारच. पण तिथे व्याकरण शब्दाच्या तोंडाशी बसते. 'त्याची कार' म्हणायचे तर 'ई गार', आणि 'तिची कार' म्हणायचे तर 'ई खार'. 'त्याची' आणि 'तिची' यांसाठी सर्वनाम एकच, 'ई'. गाडी कोणाची ते पहिल्या व्यंजनावरून ओळखायचे. आपल्याला हे विचित्र वाटेल. पण आपण घोड्याचे 'घोड्याला' करतो, तेव्हा शब्दाच्या शेपटीशी तोच उद्योग करत असतो.

वेल्शमध्ये कार पुल्लिंगी, पोर्तुगीज 'कार्रु'ही पुल्लिंगी. मराठीत मात्र ती कार झाली, कारण आपली गाडी स्त्रीलिंगी, आणि मोटारही. मात्र आपण तिला लिंग दिले, सामान्यरूप दिले नाही. 'माळेत' म्हणतो, 'कारेत' म्हणत नाही, 'कारमध्ये' म्हणतो. मोटारही इंग्रजीतूनच आली, तरी तिचे 'मोटारीत' झाले. बँकेचे 'बँकेत' झाले. पोर्तुगिजांकडून आलेले शब्द तर पुरते मुरले आहेत: लिलावात, तुरुंगात, पगारात, घमेल्यात. यातला 'पगार' हा पोर्तुगीजमध्ये नामही नाही, ते 'पैसे देणे' या अर्थाचे क्रियापद आहे. आपण ते क्रियापद उचलून सरळ नाम केले, आणि महिन्याच्या अखेरीला त्याची वाट पाहू लागलो. माझ्या मते शब्द परका की आपला हे त्याच्या जन्मगावावरून ठरवू नये, विभक्ती लावून पाहावे. त्या कसोटीवर कार अजून पाहुणीच आहे.

पोर्तुगिजांकडून आलेल्या शब्दांचा अभ्यास जुना आहे. बार्देशातल्या आसगावचे मोन्सिन्योर सेबास्तियांव रोदोल्फ दालगाद यांनी आशियाई भाषांतल्या पोर्तुगीज शब्दांवरचा आपला ग्रंथ १९१३ साली प्रसिद्ध केला. कोकणी आणि मराठीच्या अभ्यासकाला तो आजही टाळता येत नाही. फोंडा, पेडणे, डिचोली हे महाल मात्र पोर्तुगिजांकडे गेले ते अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात, तिसवाडी आणि बार्देश जाऊन दोन शतके उलटल्यावर. त्यामुळे इकडच्या बोलीत असे शब्द चर्चपेक्षा कचेरीतून, बाजारातून आणि रस्त्यावरून अधिक आले असावेत, असा माझा अंदाज आहे. तो तपासायचा तर गावोगावचे शब्द हाती हवेत.

पोर्तुगीज अमदानीत, म्हणजे १९६१ पूर्वी, कारेरने प्रवास केलेली माणसे आता थोडी उरली आहेत. तुमच्या घरात कोणी असेल तर त्यांना गाडीच्या भागांची, भाड्याची, सामानाची नावे विचारा आणि वहीत उतरवा. नुसता शब्द लिहू नका. ते त्याला 'तो' म्हणतात, 'ती' म्हणतात की 'ते', हेही लिहा, आणि तो घालून त्यांच्याच तोंडचे एक वाक्य.