दत्तक मूल आणि ताणाचे संप्रेरक

अनोळखी माणसाच्या कडेवर न कुरकुरता जाणाऱ्या मुलाचे ‘शहाणे बाळ’ म्हणून कौतुक होते. परंतु बालगृहात वाढलेले दीड-दोन वर्षांचे मूल येईल त्याच्याकडे झेपावू लागले, तर बालमानसशास्त्र सावध होते, कारण त्या वयात ठरावीक माणसाला बिलगणे आणि ते दूर गेले की रडणे हीच निकोप अनुबंधाची, म्हणजे सांभाळणाऱ्याशी जडलेल्या विश्वासाच्या नात्याची, खूण असते.

या नात्याचा माग कॉर्टिसॉल या संप्रेरकात लागतो. मूत्रपिंडांवरील अधिवृक्क ग्रंथींतून स्रवणारे हे द्रव्य सकाळी भरपूर असते, रात्रीपर्यंत उतरत जाते, भीतीने चढते आणि ओळखीच्या माणसाने उचलून घेतले की निवळते. कापसाचा बोळा तोंडात फिरवून घेतलेल्या लाळेतून ते मोजता येते, त्यामुळे मुलाला सुई टोचावी लागत नाही. रुमानियातील बालगृहांत सकाळचा हा चढच सपाट आढळला. पुढे बुखारेस्टमध्ये १३६ मुलांवर झालेल्या दीर्घ अभ्यासात, दोन वर्षांच्या आत पालक-कुटुंबात गेलेल्यांचा ताणाला मिळणारा प्रतिसाद बाराव्या वर्षी इतर मुलांसारखा होता, तर उशिरा गेलेल्यांचा मंद होता, आणि ही मंदता शांतपणा समजली जाण्याचा धोका मोठा आहे.

परदेशी दत्तक जाणाऱ्या मुलाची भाषा, चव, वास आणि चेहरे एकाच प्रवासात बदलतात. तरीही पहिल्या वाढदिवसाआधी घर मिळालेली मुले सरासरीने इतरांइतकाच घट्ट अनुबंध जोडतात. भारतात मात्र लक्ष्मीकांत पांडे खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाच्या १९८४ च्या निकालापासून देशातील कुटुंबांना प्राधान्य आहे, जे योग्यच आहे. पण त्यामुळे परदेशाच्या वाट्याला बहुधा वयाने मोठी किंवा दिव्यांग, म्हणजे सर्वाधिक काळ थांबलेली मुले येतात. सोडून दिलेले दोन वर्षांखालील मूल दत्तकासाठी मुक्त ठरवायला बालकल्याण समितीला कायद्याने दोन महिने, त्याहून मोठ्यासाठी चार महिने दिले आहेत. सप्टेंबर २०२२ पासून दत्तकाचा आदेश न्यायालयाऐवजी जिल्हाधिकारी देतात, तेही विलंब टळावा म्हणूनच.

ज्यांना कोणीच नेत नाही त्यांचे काय, याचे एक उत्तर चिखलदऱ्याच्या पायथ्याकडे, परतवाड्याजवळील वझ्झर येथे आहे, जिथे २०२४ मध्ये पद्मश्री मिळालेले शंकरबाबा पापळकर बेवारस दिव्यांग मुलांच्या नावापुढे वडील म्हणून स्वतःचे नाव लावतात आणि अठरा वर्षे पूर्ण झाली तरी अशा मुलांना बालगृहाबाहेर काढू नये, असा आग्रह शासनाकडे धरत आले आहेत.