साखरेच्या यंत्रापासून अग्निबाणाच्या कवचापर्यंत : वालचंदनगरची वाटचाल

(सुवर्णमहोत्सवानिमित्त झालेल्या व्याख्यानाची संहिता)



डोंगरकडा परिसराच्या शिवारात ऊस आणि केळी या पिकांवर घराघराचा वर्षाचा हिशेब अवलंबून असतो. गव्हाणीत मोळी पडली की हंगामाचा शुभारंभ होतो आणि उसाच्या गाड्यांची रांग लागते. तोडलेला ऊस मात्र कोणासाठी थांबत नाही. जसजसे तास उलटतात, तसतशी त्यातील साखर घटत जाते. अशा वेळी एखादे यंत्र बंद पडले, तर नुकसान केवळ कारखान्याचे होत नाही. रांगेत उभ्या शेतकऱ्याचे होते आणि त्याला उधारीवर माल देणाऱ्या दुकानदाराचेही होते. म्हणूनच साखर कोण तयार करतो या प्रश्नाइतकाच, साखरेचे यंत्र कोण घडवतो हा प्रश्नही महत्त्वाचा ठरतो. या दुसऱ्या प्रश्नाच्या उत्तरात महाराष्ट्रातील एका गावाचे नाव अग्रभागी येते. ते गाव म्हणजे पुणे जिल्ह्याच्या इंदापूर तालुक्यातील वालचंदनगर.

या गावाला ज्यांचे नाव लाभले, ते शेठ वालचंद हिराचंद दोशी यांचा जन्म २३ नोव्हेंबर १८८२ रोजी सोलापूरच्या जैन कुटुंबात झाला. घराणे व्यापाराचे, तथापि वालचंदांचे मन पेढीवर रमले नाही. रेल्वेत कारकुनी केलेले लक्ष्मणराव फाटक यांच्याबरोबर त्यांनी रेल्वेच्या बांधकामाचे ठेके घेतले. १९१९ साली सिंदिया कंपनीचे ‘लॉयल्टी’ हे जहाज इंग्लंडकडे निघाले आणि परकीय कंपन्यांच्या मक्तेदारीला आव्हान मिळाले. १९४० साली बंगळूर येथे विमानांचा आणि १९४१ साली विशाखापट्टणम येथे जहाजबांधणीचा कारखाना उभारण्यास त्यांनी प्रारंभ केला. जे विकत घ्यावे लागते, ते आपल्याच देशात का घडू नये, हा त्यांचा ध्यास होता.

साखरेची कथाही याच ध्यासातून जन्मली. भारत हा उसाचा देश. परंतु पांढरी साखर जावा बेटातून येत असे. १९३२ साली देशी साखर उद्योगाला संरक्षण देणारा कायदा झाला आणि देशात कारखान्यांची संख्या झपाट्याने वाढली. नाशिक जिल्ह्यातील रावळगावनंतर वालचंदांनी नीरा कालव्याच्या पाण्यावर, कळंबच्या माळावर १९३४ च्या सुमारास दुसरा साखर कारखाना उभा केला. १९०८ साली नोंदलेली ‘मार्सलँड प्राइस’ ही कंपनी पुढे ‘वालचंदनगर इंडस्ट्रीज’ या नावाने ओळखली जाऊ लागली.

साखर कारखाना म्हणजे अनेक यंत्रांची साखळी. मिलच्या दातेरी रोलरांमधून उसाचा रस निघतो. चुना आणि गंधकाच्या धुराने तो निवळतो. या रसात सुमारे ८५ टक्के पाणी असते. ते बाष्पीभवन पात्रांच्या मालिकेत उडवावे लागते. नंतर हवा काढून घेतलेल्या पॅनमध्ये, कमी तापमानावर रस उकळून दाणा धरवतात, कारण उष्णता वाढली तर साखर करपते. शेवटी वेगाने फिरणाऱ्या सेंट्रिफ्युगलमध्ये दाणा आणि मळी विलग होतात. उरलेला बगॅस बॉयलरखाली जळतो आणि त्याच वाफेवर सारा कारखाना चालतो. यांतील एक कडी तुटली, की सर्व काही थांबते.

शहरापासून दूर असलेल्या वालचंदनगरला ही कडी जागच्या जागी सांधता येणे भागच होते. हंगामात मोडलेला भाग विलायतेहून येईपर्यंत ऊस वाळून जाणार! म्हणून कारखान्याला कार्यशाळेची जोड हवी होती. दुरुस्ती करता करता हात तयार झाले आणि तयार झालेल्या हातांनी नवनिर्मितीचे धाडस केले. ८ एप्रिल १९५३ रोजी वालचंदांचे निधन झाले. साखर कारखान्यांची यंत्रसामग्री घडवण्याच्या कामाला खरा वेग आला तो त्यांच्या पश्चात. प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्याचा पहिला हंगाम १९५०-५१ साली झाला होता आणि त्यामागोमाग राज्यभर नवे कारखाने उभे राहत होते. त्या सर्वांना यंत्रे हवी होती. परकीय चलनाच्या टंचाईत आयात अवघड झाली, तेव्हा देशी कार्यशाळांचे मोल सर्वांना कळले. पुढे सिमेंट कारखान्यांची यंत्रेही येथे घडू लागली.

या वाटचालीत कठीण प्रसंगही आले. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने खासगी साखर कारखान्यांची उसाची शेती शासनाकडे गेली आणि शेती महामंडळाच्या ताब्यात आली. या क्षेत्रात खंडाने दिलेल्या जमिनीही होत्या. त्या परत मिळवण्यासाठी मूळ खंडकरी शेतकऱ्यांना कित्येक दशके लढावे लागले, हेही प्रामाणिकपणे नोंदवले पाहिजे. ज्या उसासाठी हे गाव वसले, तो ऊस कंपनीच्या हातून गेला. कारागिरांच्या हातातील विद्या मात्र कोणत्याही कायद्याने जाणारी नव्हती.

जाड पोलादी पत्रा वाकवणे, निर्दोष सांधा जोडणे, दाब सहन करणारे पात्र तपासून देणे, ही ती विद्या. तिच्याच बळावर वालचंदनगरने अणुऊर्जा आणि अवकाश संशोधन या क्षेत्रांत पाऊल टाकले. पीएसएलव्ही अग्निबाणाच्या पहिल्या टप्प्यात १३९ टन घन इंधन मावते. २.८ मीटर व्यासाची त्याची पोलादी कवचे येथे तयार झाली. २२ ऑक्टोबर २००८ रोजी चांद्रयान-१ ला घेऊन झेपावला, तो याच जातीचा अग्निबाण होता. बॉयलरमध्ये वाफेचा दाब असतो, अग्निबाणात जळत्या वायूचा. सांधा कच्चा राहिला तर दोन्ही ठिकाणी क्षमा नाही.

व्यापार ही आपल्या समाजाची पिढीजात वाट आहे आणि ती आदराचीच आहे. वालचंदांनी तिच्या पुढे निर्मितीची वाट दाखवली. आज आपल्या घरातील एखादा मुलगा किंवा मुलगी दुकानाच्या गादीऐवजी लेथ यंत्रापाशी उभी राहू इच्छीत असेल, तर घरच्या वडीलधाऱ्यांनी त्यांना कमी लेखू नये. धन वाटले जाते, जमीन जाते, बाजारभाव चढतात आणि उतरतात. हाताला जडलेली विद्या मात्र दुसऱ्याला दिली तरी उणी होत नाही. सुवर्णमहोत्सवाच्या या मंगल पर्वावर प्रत्येक कुटुंबाने एवढी खूणगाठ मनाशी बांधावी.

जय जिनेंद्र!