फावल्या वेळाची किंमत



राजकारण, अर्थकारण, वेदान्त आणि खगोल यांच्या पंक्तीला क्रोशाचे विणकाम आणून बसवले म्हणून काही मंडळींनी नाके मुरडली, हे आमच्या कानावर आले आहे. त्यांच्यावर आमचा राग नाही. नाक मुरडणाऱ्यांपैकी निम्म्यांच्या घरी तरी एके काळी रेडिओवर आणि पुढे टीव्हीच्या खोक्यावर क्रोशाचा रुमाल पसरलेला होताच. टीव्ही पातळ होऊन भिंतीला चिकटला आणि रुमालाची बसायची जागा गेली. पण तो रुमाल कोणी विणला, त्याला किती दिवस लागले आणि त्याबद्दल तिला काय मिळाले, हे तीन प्रश्न त्या घरात कधी कोणी विचारले का? आज बोलायचे आहे ते या प्रश्नांबद्दल.

आधी वस्तू काय आहे ते पाहू. क्रोशे हा शब्द फ्रेंच, अर्थ लहानसा आकडा. मागात ताणा आणि बाणा लागतो. दोन सुयांच्या विणकामात घरांची सगळी ओळ एका वेळी सुईवर जिवंत असते. एक घर सुटले की खालपर्यंत पायरी उसवत जाते. क्रोशात एक सुई, एक दोरा आणि जिवंत असे एकच घर. प्रत्येक टाका तिथल्या तिथे पुरा होतो. साखळी, मुका खांब, अर्धा खांब, खांब: एवढ्या चार अक्षरांवर सारी भाषा उभी आहे.

आणि ही भाषा हिशेबाची आहे. सपाट गोल रुमाल हवा असेल, तर पहिल्या फेरीत बारा खांब, दुसरीत चोवीस, तिसरीत छत्तीस, असे दर फेरीला बारा वाढवायचे. वाढ कमी पडली की कडा वर उचलून रुमालाची वाटी होते; जास्त झाली की कड लाटेसारखी दुमडून झालर होते. आमच्या आज्यांना हे कागदावर मांडता आले नसते, पण बोटांना ते पाठ होते. १९९७ साली अमेरिकेतील कॉर्नेल विद्यापीठात दाइना ताइमिना या गणितज्ञ बाईंनी नेमक्या या झालरीचा उपयोग केला. भूमितीत एक पृष्ठ असे आहे की ते जिथे पाहावे तिथे घोड्याच्या खोगिरासारखे वळते. त्याची कागदी प्रतिकृती हाताळता हाताळता फाटे. बाईंनी ठरावीक प्रमाणात टाके वाढवीत ते पृष्ठ क्रोशाने विणून विद्यार्थ्यांच्या हाती दिले. ज्याला आपण बायकांचा चाळा म्हणतो, त्यात भूमितीचा एक धडा मुकाट्याने बसला होता!

आता मुद्द्याचे. दोन सुयांचे विणकाम यंत्राने केव्हाच उचलले. आपल्या अंगातले बनियन त्याचीच साक्ष देईल. क्रोशाचे तसे झालेले नाही. विणलेल्या कापडात हव्या त्या ठिकाणी आकडा खुपसायचा, दोरा ओढायचा, वळवायचा आणि पुन्हा दुसरीकडे जायचे, हे कारखान्यात चालेल अशा रीतीने करणारे यंत्र आजतागायत प्रचारात आलेले नाही. क्रोशे-यंत्र या नावाने जे विकले जाते, ते ताण्याच्या दोऱ्यांवर काम करते. त्यातून निघणारी लेस दिसायला जवळची, पण टाका निराळा. म्हणजे दुकानात खऱ्या क्रोशाचा तुकडा कितीही स्वस्त मिळो, त्यातला प्रत्येक टाका कोणाच्या तरी बोटांनी घातलेला असतो. यंत्रामुळे स्वस्त झाला म्हणावे तर यंत्रच नाही. मग स्वस्त झाले ते काय?

उत्तरासाठी थोडे दूर जावे लागेल. १८४५ साली आयर्लंडात बटाट्यावर रोग पडला आणि पुढची काही वर्षे देश उपाशी मेला. त्या दिवसांत कॉर्कजवळच्या मठातील जोगिणींनी आणि क्लोन्स गावी कॅसांड्रा हँड या धर्मोपदेशकाच्या पत्नीने बायकामुलींना क्रोशाची लेस शिकवली. व्हेनिसच्या सुईच्या लेसची ती नक्कल होती, पण हाताला पुष्कळ लवकर उरकणारी. एकीने गुलाब विणावा, दुसरीने पान, तिसरीने ते जोडावे. तिथे क्रोशे म्हणजे फावल्या वेळचा छंद नव्हता. त्यावर चूल पेटत होती.

त्याच शतकात मिशनऱ्यांबरोबर ही कला आपल्या देशात गोदावरीच्या मुखाशी, आंध्रातील नरसापूरला पोहोचली. नाशिकला जिच्या घाटावर आपण स्नान करतो, तिच्याच दुसऱ्या टोकाला घरोघर बायका लेस विणू लागल्या आणि माल परदेशी जाऊ लागला. जर्मन समाजशास्त्रज्ञ मारिया मीस यांनी या बायकांवर १९८२ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यातला निष्कर्ष आम्हाला फार मोलाचा वाटतो. या बायका दिवसाचे कितीतरी तास विणीत. पण घरातले, व्यापारी आणि त्या स्वतःदेखील त्यांना कामगार मानीत नसत. घरी बसलेल्या गृहिणी, रिकामा वेळ घालवतात, एवढेच! वेळ रिकामा ठरला की त्याची मजुरी द्यावी लागत नाही. इथेही फुले एकीने विणायची, जोडायची दुसरीने, आणि दलालाने माल उचलायचा. फूल विणणारीला पुरा पडदा पाहायला मिळेलच असे नाही. २०२४ साली नरसापूरच्या लेसला भौगोलिक मानांकन मिळाले. ठीकच झाले, गावाच्या नावाची नक्कल त्याने थांबेल. पण टाक्याचा भाव मानांकनाने ठरत नाही.

आपल्याकडेही हा विचार नवा नाही. रमाबाई रानड्यांनी १९०९ साली पुण्यात सेवासदन उभे केले, तेव्हा शिवणकाम आणि हस्तकला शिकवण्यामागे बाईच्या हाती चार पैसे यावेत हाच हेतू होता. पुढे कधीतरी शिवण-टिपण हे लग्नाच्या बाजारातले गुणपत्रक झाले आणि पैशाची गोष्ट मागे पडली. गोधडीचे मात्र तसे झाले नाही, हे मौजेचे आहे. जुनी लुगडी देऊन गोधडी शिवून घ्यायची तर शिवणारी बाई आधी लांबीरुंदी पाहते आणि मग मजुरी सांगते. तिच्या दारात कोणी म्हणत नाही, की लुगडी तर आमचीच, मग पैसे कसले?

क्रोशाच्या प्रदर्शनात मात्र हेच चालते. गिऱ्हाईक रुमाल उलटासुलटा करून विचारते, "अहो, याला दोरा केवढ्याचा लागला?" आणि विणणारी बाई संकोचून म्हणते, "काही नाही हो, फावल्या वेळात केलंय." सौदा तिथेच बुडाला. समजा, टीपॉयवरच्या रुमालाला तीस तास लागले. घरची मोलकरीण, रंगारी, शिवणवाला, ज्याचा तासाचा दर आपल्याला ठाऊक आहे असा कोणताही धरा आणि तीसने गुणा. आकडा पाहून छाती दडपेल. घेणाऱ्याला तो परवडणार नाही, हेही आम्ही जाणतो. मग त्याने लहान रुमाल घ्यावा, किंवा घेऊच नये. पण "दोरा केवढ्याचा" हे विचारू नये. आणि भगिनींनो, तुम्ही विणायला बसताना घड्याळ पाहत जा. तास वहीत मांडा. वस्तू मुलीला किंवा सुनेला भेट द्यायची असली, तरी मांडा.

व्यासपीठाजवळच्या टेबलावर तीन तुकडे ठेवले आहेत. एक यंत्राचा, दोन हाताचे. उलटून पाहा: यंत्राच्या तुकड्यात बारीक साखळ्या एकाच दिशेने सरळ पळताना दिसतील, हाताच्या तुकड्यात प्रत्येक खांबाभोवती दोऱ्याचा वळसा दिसेल आणि शेवटचे टोक कुठेतरी टाक्यांत दडवलेले सापडेल. शेजारी दोऱ्याचा गुंडा आणि दोन सुयाही आहेत. पुरुषमंडळींनी अवश्य बारा खांबांची एक फेरी घालून पाहावी. किती मिनिटे लागली, ते शेजारच्या कागदावर लिहून ठेवावे.