पाठीची फिल्म आणि पाठीचे दुखणे



आम्ही डॉक्टर नाही. आमची शाळा आठवीत सुटली. पुढचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. मग कंबरदुखीवर बोलण्याचा आम्हाला अधिकार काय? एवढाच, की ज्यांचे पोट पाठीवर चालते अशा माणसांत आमची तीस वर्षे गेली, आणि या बाबतीत आमच्या हातून एक चूक झाली. ती आज आपल्यापुढे कबूल करावयाची आहे.

काही वर्षांपूर्वी गुदामातला एक हमाल कमरेचा एम.आर.आय. काढून कचेरीत आला. रिपोर्टात 'डिजनरेशन' आणि तीन ठिकाणी 'डिस्क बल्ज' असे लिहिलेले. "साहेब, मणका गेला. आता पोते उचलणे संपले," एवढे बोलून तो खाली बसला. आम्ही ती फिल्म नेऊन मालकांच्या टेबलावर ठेवली आणि म्हटले, हा घ्या पुरावा! मालकांच्या डॉक्टरांनी ती उजेडात धरली आणि ते शांतपणे म्हणाले, "अशी पाठ माझीही निघेल." आम्हाला ती थट्टा वाटली आणि आम्ही उठून आलो. पुढे वाचू लागलो तेव्हा कळले, की डॉक्टर खरे तेच बोलले होते.

कमरेत पाच मणके असतात. दोन मणक्यांच्या मध्ये एक चकती. बाहेरून चिवट, आतून मऊ व पाणीदार. वयोमानाने तिच्यातले पाणी कमी होते आणि फिल्मवर ती काळपट दिसते, हे डिजनरेशन. चकती सगळीकडून थोडी पसरली तर बल्ज, एकाच जागी पुढे आली तर प्रोट्रुजन, आतला गर कवच फोडून बाहेर आला तर एक्स्ट्रुजन. शब्द भारदस्त आहेत, पण पहिले दोन बहुधा केस पिकण्याच्या जातीचे आहेत.

हे आमच्या पदरचे नव्हे. १९९४ साली अमेरिकेत, कंबर मुळीच न दुखणाऱ्या ९८ माणसांचे एम.आर.आय. काढले, त्यांतील ५२ टक्के लोकांत बल्ज निघाला. २०१५ साली अशा ३३ अभ्यासांची एकत्र मोजदाद झाली. दुखणे नसलेल्या माणसांत चकतीची झीज विशीत ३७ टक्के आणि पन्नाशीत ८० टक्के आढळली.

मग फिल्म खोटी काय? मुळीच नाही. फिल्म हाडामांसाची असते, वेदनेची नसते, एवढेच. डॉक्टर पाय उचलून पाहतात, अंगठ्याची ताकद पाहतात, बधिरपणा कुठे आहे ते विचारतात. त्याच्याशी फिल्म जुळली तरच तिला अर्थ. आमच्या हमालाची चकती डावीकडे शिरेला टेकलेली होती आणि कळ उजव्या पायात होती! हे आम्ही त्याला विचारलेच नव्हते.

मात्र काही खुणा दिसल्या तर दिवस घालवू नये. लघवी वा शौचावरचा ताबा जाणे, जांघेत बधिरपणा येणे, पाऊल लुळे पडणे : त्याच दिवशी रुग्णालय गाठावे. ताप, कारण नसता वजन घटणे, पूर्वीचा कर्करोग किंवा मोठी पडझड असेल तरीही डॉक्टरांना लगेच सांगावे. एरवीची बहुतेक कंबरदुखी काही आठवड्यांत उतरते. अंथरुणाला खिळण्यापेक्षा झेपेल तेवढे हिंडणेफिरणे बरे.

आता मालकवर्गालाही एक शब्द. फिल्म स्वच्छ निघाली म्हणून कामगार ढोंगी ठरत नाही, आणि झीज वयाची आहे म्हणून ओझ्याचा दोष धुतला जात नाही. जी फिल्म आमचा पुरावा होऊ शकत नाही, ती तुमचाही होऊ शकत नाही. भांडण व्हावे ते पोत्याच्या वजनावर, खेपांच्या संख्येवर, विसाव्यावर आणि दुखऱ्या माणसाला मिळणाऱ्या हलक्या कामावर. तेव्हा आम्ही हे मागितले नाही. फिल्म दाखवीत बसलो. त्या हमालाचे आम्ही मोठे नुकसान केले.

म्हणून आपल्या हाती रिपोर्ट आला, तर डॉक्टरांना तीन गोष्टी विचारा : यात लिहिलेले माझ्या दुखण्याशी जुळते का? त्याने उपचार बदलणार आहे का? आणि मी कोणते काम करू शकतो? तिसरा प्रश्न विसरू नका.