झेंडूचं तेल: बाटलीवर आधी काय वाचायचं?

आजचा विषय झेंडूचं तेल. दसऱ्याला दारावर तोरण बांधतो, तोच झेंडू. ऑनलाइन 'मेरीगोल्ड ऑइल' शोधलं की ढीगभर बाटल्या दिसतात. गोची अशी की या एकाच नावाखाली दोन वेगळी झाडं येतात.

पहिलं कॅलेंडुला. त्याच्या पाकळ्या साध्या तेलात मुरवतात. हे तेल तसं सौम्य असतं, क्रीममध्ये वापरतात. दुसरा आपला झेंडू, म्हणजे टॅजेटिस. फुलोऱ्यावर आलेल्या झाडातून वाफेनं काढतात ते त्याचं इसेन्शियल ऑइल. हिमाचलमध्ये त्यासाठी टॅजेटिस मिनुटा हा रानझेंडू लावतात. परफ्युममध्ये हे तेल वापरतात, पण अगदी किंचित.

किंचितच का? झेंडूत अल्फा-टरथायनिल नावाचं रसायन असतं. शेतकरी टोमॅटोच्या शेतात झेंडू लावतात, त्यानं मुळांवरचे सूत्रकृमी कमी होतात. त्यामागे हेच रसायन आहे. ते त्वचेवर असताना ऊन लागलं, तर यूव्हीए किरणांनी सक्रिय होतं आणि कातडी भाजल्यासारखी होऊ शकते.

म्हणूनच युरोपियन युनियननं २०१८ साली नियम केला. टॅजेटिस इरेक्टा, म्हणजे आपला मोठ्या गोंड्याचा झेंडू, सौंदर्यप्रसाधनांत बंद. मिनुटा आणि पॅटुला चालतात, पण लावून ठेवायच्या क्रीममध्ये फक्त ०.०१ टक्का. सनस्क्रीनमध्ये तर अजिबात नाही.

आता हिशेब करू. एक थेंब साधारण ०.०५ मिली. म्हणजे एका थेंबाला अर्धा लिटर तेल! १० मिली खोबरेलात पाच थेंब टाकले, तर झाले अडीच टक्के. मर्यादेच्या अडीचशे पट.

परवा मावसबहीण म्हणाली, "दादा, लग्नाआधी चेहऱ्याला लावू का? कोपराच्या आत पॅच टेस्ट केलीय, काहीच झालं नाही." मी विचारलं, "तिथे ऊन लागलं होतं का?" बाही खाली होती. म्हणजे ज्याची भीती, तेच तपासलं गेलं नव्हतं. आमच्या भाषेत, टेस्ट पास झाली, पण ती चुकीची टेस्ट होती. आणि मुद्दाम उन्हात जाऊन तपासायचं नाही हं!

तर बाटलीवरचं शास्त्रीय नाव वाचा. टॅजेटिस असेल तर अंगाला लावू नका. कॅलेंडुला असेल तर आधी पॅच टेस्ट, आणि शेवंती-सूर्यफुलाची ॲलर्जी असेल तर डॉक्टरांना विचारा, कारण हे सगळं एकाच कुळातलं. शास्त्रीय नावच नसेल तर घेऊ नका. आणि इसेन्शियल ऑइल पोटात घ्यायचं नाही.

हा भाग घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाका. भेटू पुढच्या भागात!