दिवाळीत खून का नको?

(हर्सूल येथील शारदीय व्याख्यानमालेतील व्याख्यान)

हर्सूलमध्ये रहस्यमालिकांवर बोलणं जरा अवघडच. मालिकेतला गुन्हेगार शेवटच्या भागात जिथे पोचतो ते मध्यवर्ती कारागृह तुमच्या शेजारी, म्हणजे शेवट तुम्हाला आधीच ठाऊक. (हशा) पत्रिकेत विषय 'आवडत्या रहस्यमालिका' असा छापलाय. पण करमचंदची गाजरं किंवा बासू चटर्जींचा ब्योमकेश या सभागृहाला समजावून सांगायला नको, म्हणून मी थेट माझ्या हट्टाकडे वळतो. रहस्यकथेला सणाच्या घरासारखी दुसरी जागा नाही, आणि आपल्या मराठी वाहिन्यांनी ती जवळपास रिकामी ठेवली आहे.

रहस्याला संशयित मोजके लागतात, ते एका छपराखाली लागतात आणि कोण कधी कुठे होतं हे सांगता यावं लागतं. दिवाळी हे सगळं आयतं देते. पहाटे अभ्यंगस्नान, संध्याकाळी मुहूर्तावर लक्ष्मीपूजन, त्या वेळी कपाटातले दागिने पाटावर आलेले. आणि भाऊबीजेला वर्षभर अबोला धरलेली माणसंही दारात हजर. आरतीच्या वेळी कोण गायब होतं, हे घरातल्या थोरल्या जाऊबाई वीस वर्षं विसरत नाहीत. पोलिसांना वेगळा जबाब घ्यायलाच नको. इंग्रजांनी ही सोय केव्हाच ओळखली. कॉनन डॉयलने 1892 साली नाताळच्या दिवसांत एका पक्ष्याच्या पोटातून चोरीचं निळं रत्न काढलं. अगाथा ख्रिस्तीने 1938 साली नाताळासाठी जमलेल्या कुटुंबातच खून घडवला आणि पॉयरोला बोलावलं. बीबीसीच्या 'शेरलॉक'चा खास भाग तर 2016च्या 1 जानेवारीलाच दाखवला गेला.

आपल्याकडे हे जमणार नाही, असं म्हणणाऱ्यांना मी बी. पी. सिंग यांचं काम दाखवीन. मुंबई दूरदर्शनवर त्यांची मराठी 'एक शून्य शून्य' होती, त्यात शिवाजी साटम होते. पुढे 21 जानेवारी 1998 पासून हीच जोडी 'सीआयडी' घेऊन देशभर गेली. दया, दरवाजा... नको, तुम्हीच पूर्ण कराल. (हशा, टाळ्या) तर 7 नोव्हेंबर 2004 रोजी, म्हणजे लक्ष्मीपूजनाला पाच दिवस उरले असताना, त्यांनी 111 मिनिटांचा एक भाग दाखवला. सलग एकच शॉट, कुठेही कट नाही. विक्रम म्हणून त्याचा गाजावाजा झाला, पण मला त्यातली अट महत्त्वाची वाटते. कट नाही म्हटल्यावर गोष्टीला एका जागेतून आणि एका वेळेतून सुटता येत नाही, पात्रांनाही पळता येत नाही. भागाचा विषय वारसाहक्क. तो दिवाळीचा भाग नव्हता, हे मान्य. त्यात फक्त पणत्या लावायच्या राहिल्या होत्या.

आता आक्षेप. सणासुदीला खून अशुभ! पण 1909 साली का. र. मित्रांनी 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढल्यापासून दिवाळी आणि वाचन एकत्र आलं, आणि पुढे 'नवल', 'धनंजय' यांसारखे अंक रहस्यकथा, भयकथा घेऊन याच दिवसांत घरोघरी गेले. चकली मोडत प्रेतं मोजणारा वाचक जर अशुभ मानत नाही, तर प्रेक्षकाला सोवळं का? शिवाय डॉयलच्या त्या गोष्टीत खून नाहीच, चोरी आहे. आणि 2016 साली सुरू झालेली 'रात्रीस खेळ चाले' आठवा. तिच्यावर अंधश्रद्धेचे आक्षेप आले, त्यांत तथ्य होतं. पण तिची पकड कशात होती? अण्णा नाईक गेले म्हणून सगळी भावंडं कोकणातल्या घरात जमली आणि अडकली. दुःखाच्या विधीने जे साधलं, ते आनंदाच्या विधीने का साधू नये?

(चिठ्ठी आलीय. दहा मिनिटं म्हणतात, पाचच असणार.) उलट सणाचे महाएपिसोड तर होतातच, असं कुणी म्हणेल. होतात, मंगळागौरीपासून दिवाळीपर्यंत. नऊवारी, नथ, आणि प्रसादात कुणीतरी काहीतरी मिसळतं. पण ते कोण मिसळतं, हे पार्श्वसंगीतासह आपल्याला आधीच दाखवलेलं असतं. रहस्य लपवलंय ते फक्त सुनेपासून! प्रेक्षकाला तर्क करायला काहीच ठेवत नाहीत, त्याने फक्त तिची कीव करायची. लेखकांना रहस्य रचता येत नाही असं नाही. रोजच्या मालिकेला उत्तर परवडत नाही, कारण उत्तर मिळालं की मालिका संपते. सण मात्र ठरल्या दिवशी संपतो. वसुबारसेला दागिना नाहीसा व्हावा, भाऊबीजेला चोर सापडावा, आणि त्यापुढे एकही भाग नको. राहिले जाहिरातदार. दिवाळीत त्यांत सराफही असतात, आणि घरातच दागिन्यांची चोरी दाखवणाऱ्या मालिकेला ते पैसे देतील का, या प्रश्नाचं उत्तर माझ्याकडे नाही. समोर दुसऱ्या रांगेत कुणी सराफ बसले असतील तर अध्यक्षांनी माझी उरलेली दोन मिनिटं त्यांना द्यावीत. (हशा)