बांध कुठे राखायचा, भरती कुठे येऊ द्यायची



 अलिबाग आणि पेण तालुक्यांतला खारेपाटाचा हा सखल पट्टा अंबा नदी आणि धरमतरची खाडी यांच्या गाळाने घडवला, आणि पिढ्यान्‌पिढ्या मातीचे बांध घालून इथल्या माणसांनी तो भाताखाली आणला. याच पट्ट्यातल्या चरीला 1933 साली नारायण नागू पाटील यांच्या नेतृत्वाखाली कुळांनी संप पुकारला आणि सुमारे सहा वर्षे जमिनी कसल्या नाहीत. जमीन कोणाची, हा तेव्हाचा प्रश्न होता. जमीन आणि खारे पाणी यांची हद्द कोणी, कुठे आणि किती वर्षांसाठी ठरवायची, हा आजचा प्रश्न आहे. त्याचा विचार करायला ही परिषद इथे भरावी, हे योग्यच झाले.

मुंबईलगतच्या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाला भरती-ओहोटीतले अंतर पाच मीटरच्या घरात जाते. हे पाणी खाडीवाटे कित्येक मैल आत शिरते. त्याला अडवणारा मातीचा बांध आणि भरतीला मिटणारी, ओहोटीला पावसाचे पाणी बाहेर सोडणारी उघाडी, एवढ्या साधनांवर इथली शेती उभी राहिली. त्यामागे गावाचे सामूहिक श्रम होते. पुढे कुळकायद्यांनी जमिनीचे संबंध बदलले आणि 1948 व 1979 च्या खारजमीन कायद्यांनी बांधांची जबाबदारी मोठ्या प्रमाणात सरकारकडे गेली. दुरुस्ती लांबली की उधाणात बांधाला खांड पडते, खारे पाणी शेतात शिरते आणि काही वर्षांत तिथे तिवर आणि चिप्पी ही कांदळवनातली झाडे उभी राहतात. मुंबई उच्च न्यायालयाच्या 2005 च्या आदेशाने आणि 2018 च्या निकालाने कांदळवनाला संरक्षण दिले आहे. त्यामुळे शेतकऱ्याला वाटते, जमीन आधी पाण्याने नेली आणि मग कायद्याने. वनखात्याला त्याच जागी जिवंत जंगल दिसते. आपापल्या जागी दोघांचेही खरे आहे, आणि म्हणूनच बांध हवा की कांदळवन, हा वाद वर्षानुवर्षे जागचा हलत नाही.

माझे नम्र प्रतिपादन असे की हा वादच चुकीच्या जागी मांडला गेला आहे. खाडीकाठचा खरा हिशेब गाळाचा आहे. भरतीचे पाणी गाळ घेऊन येते आणि जिथे पसरते तिथे तो टाकते. कांदळवनाची मुळे तो धरून ठेवतात आणि जमीन हळूहळू उंचावते. बांधाआडच्या शेताला हा गाळ मिळत नाही. ते आहे त्या पातळीवर राहते किंवा खचते आणि बाहेर समुद्र चढत राहतो. हवामानबदलावरील आंतरसरकारी समितीच्या 2021 च्या अहवालानुसार 1901 ते 2018 या काळात जगातील समुद्राची सरासरी पातळी सुमारे 20 सेंटिमीटरने वाढली आणि 2006 नंतर हा वेग वर्षाला 3.7 मिलिमीटरवर गेला. म्हणजे सगळीकडे बांध उंच करत जाणे ही कधीच न संपणारी शर्यत आहे.

याचा सर्वांत बोलका पुरावा बांगलादेशच्या नैर्ऋत्य भागात मिळतो. तिथे 1960 च्या दशकात नद्यांच्या काठाने मोठे बांध घालून जमीन बंदिस्त केली. सुरुवातीला पिके वाढली. पण शेतात पसरणारा गाळ आता नदीच्या पात्रातच बसू लागला, पात्रे भरली आणि 1980 च्या दशकात आतल्या पावसाच्या पाण्याला बाहेर पडायला वाटच उरली नाही. 1990 मध्ये बिल डाकातियाच्या पाणथळात लोकांनीच बांध फोडला. 1997 मध्ये बिल भायनात भरतीला वाट मिळाली, तेव्हा काही वर्षांत आतली जमीन उंचावली आणि शेजारची हरी नदी पुन्हा खोल झाली. जागा ठरवून, ठरावीक वर्षांसाठी भरती आत घ्यायची ही रीत पुढे सरकारनेही स्वीकारली.

दुसरा धडा नियोजनाचा आहे. इंग्लंडच्या किनारा आराखड्यांत काठाचा प्रत्येक तुकडा वेगळा धरतात आणि प्रत्येकासाठी चारपैकी एक धोरण ठरवतात: बांध आहे तिथे राखणे, पुढे नेणे, मागे घेणे किंवा हस्तक्षेप न करणे. नजीकचा काळ, पन्नास वर्षे आणि शंभर वर्षे अशा तीन टप्प्यांत हा विचार होतो. त्यातूनच सॉमरसेटमध्ये पॅरेट नदीच्या मुखाशी 2014 मध्ये आत नवा बांध घालून जुना मुद्दाम कापला गेला. आज तिथे खारी दलदल आहे, तिच्यावर गुरे चरतात आणि मागची गावे सुरक्षित आहेत.

आपल्याकडे याचा अर्थ असा की गावठाण, चांगली पिकणारी शेती आणि रस्ते यांचे बांध निःसंशय राखावेत, पण त्यांच्यापुढे कांदळवनाचा पट्टा असावा. शंभर मीटर रुंद कांदळवनात लाटांची उंची 13 ते 66 टक्क्यांनी घटते, असे उपलब्ध अभ्यासांचे संकलन सांगते. त्यामुळे मागचा मातीचा बांध टिकतो आणि दुरुस्तीचा खर्च कमी होतो. मात्र कांदळवनाकडून जे होणार नाही त्याची अपेक्षा धरू नये. 22 जुलै 2021 रोजी चिपळूण आणि महाड बुडाले ते मुख्यतः डोंगरातून आलेल्या पावसाच्या पाण्याने. अशा पुराला उतरायला जागा लागते. खाडीकाठची सखल जमीन भराव टाकून बंद केली की तीच जागा नाहीशी होते.

यावर पहिला आक्षेप शेतकऱ्याचा असेल: त्याग माझ्याच जमिनीने का करावा? हा आक्षेप रास्त आहे. बांगलादेशात ही योजना पुढे अडखळली ती जमीनमालकांना भरपाई नीट आणि वेळेवर न मिळाल्यामुळे. म्हणून सातबाऱ्यावरचे नाव कायम ठेवून दरवर्षी मोबदला, तोही भरती आत घेण्याच्या आधी, ही पूर्वअट मानावी. राज्याच्या 2017 च्या कांदळवन संरक्षण व उपजीविका योजनेतून खेकडा, कालवे आणि जिताडा पालनाला मदत मिळते. ती पूरक ठरेल, मोबदल्याचा पर्याय ठरणार नाही. दुसरा आक्षेप पर्यावरणप्रेमींचा: बांध दुरुस्तीला मोकळीक दिली की तिच्या आडून भराव येतील. भीती खरी आहे, पण ती तुकड्यातुकड्याने दिलेल्या परवानग्यांना अधिक लागू पडते. संपूर्ण खाडीचा जाहीर नकाशा समोर असेल तर दुरुस्ती कोणती आणि भराव कोणता, हे गावालाही ओळखता येईल. तिसरा आक्षेप, शंभर वर्षांचे भाकीत कोण करणार? भाकिताची गरजच नाही. पाण्याची पातळी, गाळ आणि बांधांची स्थिती मोजत राहावे आणि दर दहा वर्षांनी निर्णय तपासावा. थेम्सच्या मुखाचा 2100 पर्यंतचा आराखडा अशाच फेरतपासणीवर आधारलेला आहे.

म्हणून यजमान या नात्याने माझी एकच मागणी आहे. या परिषदेने सर्व खाड्यांसाठी एक सर्वसाधारण ठराव करून थांबू नये. धरमतरची एक खाडी निवडावी आणि तिच्या दोन्ही काठांचा तुकडावार आराखडा करण्यासाठी खारभूमी खाते, वनखाते, ग्रामपंचायती आणि मच्छीमार संस्था यांची एक समिती नेमण्याची शिफारस शासनाकडे पाठवावी. तिथे जे जमेल ते वाशिष्ठी, सावित्री आणि मांडवीच्या काठी नेता येईल.